शेवटचे पंधरा मीटर : वायफाय अ‍ॅडॅप्टरवरील पुस्तिकेची प्रस्तावना

पारशिवनी तालुक्यात आज संगणकावाचून अडणाऱ्या कामांची यादी लांब आहे. सातबारा काढायचा, उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला मागायचा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, पीक विम्याची मुदत गाठायची. ही कामे ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात होतात, बाजारातल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात होतात आणि आता पुष्कळ घरांतही होतात. काम मध्येच थांबले की सगळीकडे एकच वाक्य ऐकू येते : "नेट चालून नाही राहिलं." या एका वाक्याखाली निदान सहा वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. कंपनीची लाइन बंद असेल, राऊटर अडकला असेल, संगणकाला वायफायचे कार्डच दिसत नसेल, कार्ड दिसत असूनही त्याचा ड्रायव्हर नसेल, साठवलेला पासवर्ड जुना असेल, किंवा हे सगळे ठीक असून संगणकाला नेटवर्कवरचा पत्ताच मिळाला नसेल. या सहांपैकी एकच बिघाड पूर्णपणे कंपनीच्या हातातला आहे. उरलेले पाच आपल्या टेबलाच्या आसपासचे आहेत आणि बहुतेक वेळा पैसे न मोडता सुटणारे आहेत. ही पुस्तिका त्या पाचांसाठी आहे.

नागपूरच्या उत्तरेला असलेला हा तालुका एकसारखा नाही. एका टोकाला कन्हान आहे, रेल्वे आणि कोळसा खाणींमुळे गजबजलेले. दुसऱ्या टोकाला नवेगाव खैरीचा जलाशय, कोलितमारा आणि पेंचचे जंगल आहे. मधल्या पट्ट्यात धान आणि कापसाची गावे. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली आणि २०१५ मध्ये त्याचे नाव भारतनेट झाले. ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार नेणे हे त्याचे उद्दिष्ट. २०१६ साली राज्य शासनाने नागपूरला डिजिटल जिल्हा म्हणून घोषित केले, त्यामागे हीच तार होती. पण तार ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत येते. तिथून पुढे संगणकापर्यंतचा प्रवास हवेतून होतो. डांबरी रस्ता सरकार करते आणि शेतात जाणारी पांदण मात्र शेतकऱ्यांनाच मिळून नीट ठेवावी लागते. राऊटरपासून आपल्या संगणकापर्यंतचे दहा-पंधरा मीटर ही तशीच पांदण आहे. ती बुजली तर डांबरी रस्त्याचा उपयोग नाही.

महाराष्ट्रात या शेवटच्या टप्प्यावर गंभीरपणे काम झालेले आहे. पालघर जिल्ह्यातील आदिवासी गावांत आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या चमूने 'ग्राममार्ग' हा प्रकल्प उभा केला. दूरदर्शनच्या लहरींमधील वापरात नसलेले पट्टे आणि परवानामुक्त लहरी वापरून त्यांनी गावांपर्यंत इंटरनेट नेले. या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिला मान मिळाला. मेळघाटातले हरिसाल त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या सहभागाने डिजिटल गाव म्हणून पुढे आले. दोन्ही प्रयोगांनी दाखवले की डोंगर आणि जंगल ओलांडून लहरी नेता येतात. पण त्या लहरी झेलणारे यंत्र प्रत्येक संगणकात वेगळे असते आणि त्याची काळजी कोणत्याही प्रकल्पात येत नाही. ती वापरणाऱ्यावरच असते.

हे यंत्र आपल्यापर्यंत कसे आले, ते थोडक्यात पाहू. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८५ मध्ये काही लहरींचे पट्टे परवान्याशिवाय वापरण्याची मुभा दिली. ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले, आणि १९९९ मध्ये सेकंदाला ११ मेगाबिट वेग देणारी त्याची सुधारित आवृत्ती बाजारात रुजली. इंटेलने २००३ मध्ये सेंट्रिनो आणल्यानंतर लॅपटॉपमध्ये वायफाय आतूनच बसून येऊ लागले. भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये इमारतीबाहेरच्या वापरासाठीही खुला झाला. आपल्याकडच्या एका पूर्ण पिढीने संगणक शिकला तो २००१ पासून गावोगाव पसरलेल्या एमएस-सीआयटीच्या वर्गांत, म्हणजे वायफाय घरोघरी येण्याच्या आधी. टाइप करणे, पत्र बनवणे, हिशेबाचा तक्ता मांडणे हे ती पिढी उत्तम शिकली. संगणकातला रेडिओ हा विषय तिच्यासमोर नंतर आला, तोही कोणी न शिकवता.

वायफाय अ‍ॅडॅप्टर म्हणजे संगणकातला रेडिओच. तो ऐकतो आणि बोलतोही. त्यात एक चिप, एक किंवा दोन अँटेना आणि चिपला चालवणारे छोटे सॉफ्टवेअर एवढेच असते. लॅपटॉपमध्ये तो बोटाएवढ्या कार्डाच्या रूपात आत असतो आणि त्याच्या अँटेनाच्या तारा बिजागरीतून पडद्याच्या कडेपर्यंत गेलेल्या असतात. म्हणूनच पडदा किंवा बिजागरी दुरुस्त करून आणल्यावर सिग्नल अचानक कमी झाला, तर आधी त्या तारांकडे पाहावे. टेबलावरच्या संगणकात कार्ड आतल्या खाचेत बसवता येते किंवा यूएसबीत डोंगल लावता येतो. नखाएवढा डोंगल दिसायला छान असतो, पण त्याची अँटेनाही नखाएवढीच असते. राऊटर दुसऱ्या खोलीत असेल तर बाहेर अँटेना असलेला डोंगल घ्यावा. खोक्यावर छापलेल्या मोठ्या आकड्याला भुलू नये. तो आकडा आदर्श स्थितीतला असतो, आणि यूएसबी २.० चे दारच मुळी सेकंदाला ४८० मेगाबिटच्या पुढे जाऊ देत नाही. विकत घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न तीनच : चिप कोणत्या कंपनीची आणि कोणत्या क्रमांकाची, पाच गिगाहर्ट्झ चालते का, आणि आपल्या संगणकाच्या प्रणालीसाठी ड्रायव्हर मिळतो का.

ड्रायव्हर हा या पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग आहे, कारण सर्वांत जास्त माणसे इथेच अडतात. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडला की नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या यादीत कार्डाचे नाव दिसायला हवे. नावावर पिवळे त्रिकोणी चिन्ह असेल तर कार्ड सापडले आहे, पण ड्रायव्हर नाही किंवा बिघडला आहे. नावाखाली बाण खाली दाखवणारे चिन्ह असेल तर कार्ड फक्त बंद करून ठेवलेले आहे. या यादीत किंवा 'अदर डिव्हायसेस'खाली कुठेच नाव नसेल तर ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही; आधी कार्ड नीट बसले आहे का, यूएसबीचे दार चालते का, बायॉसमध्ये ते बंद केलेले नाही ना, हे पाहायचे. तीन खुणांचे तीन अर्थ ओळखता आले की निम्मे काम झाले.

नव्याने विंडोज टाकलेल्या संगणकावर एक पेच हमखास येतो. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. अशा वेळी मोबाइल यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडावा आणि मोबाइलमधले यूएसबी टेदरिंग सुरू करावे. संगणकाला ते तारेचे नेटवर्क वाटते आणि वायफाय कार्डाशिवाय इंटरनेट मिळते. मग डिव्हाइस मॅनेजरमधून कार्डाचा हार्डवेअर क्रमांक पाहून संगणक बनवणाऱ्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्यावा. शोधयंत्रात सापडणारी, एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर देतो म्हणणारी सॉफ्टवेअरे टाळावीत. त्यांतून नको ते कार्यक्रम संगणकात शिरतात, आणि ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक टाइप होतात तिथे हा धोका पत्करण्यासारखा नाही.

लिनक्सचे वेगळे प्रकरण या पुस्तिकेत आहे आणि त्याला ताजे कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला न चालणारे कितीतरी धडधाकट संगणक शाळांत, कार्यालयांत आणि घरांत आहेत. त्यांना लिनक्सवर आणखी काही वर्षे काम करता येते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच (कर्नलमध्ये) असतात, त्यामुळे इंटेलची किंवा एथेरॉसची पुष्कळ कार्डे काहीही न करता चालू होतात. ब्रॉडकॉमच्या काही चिप्सना फर्मवेअरची वेगळी फाइल लागते. रियलटेकच्या काही स्वस्त डोंगलांचा ड्रायव्हर बाहेरून बांधावा लागतो आणि गाभा अद्ययावत झाला की तो पुन्हा बांधावा लागतो. म्हणून आमचा सल्ला साधा आहे : पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसते चालवून पाहावे, वायफाय दिसते का ते तपासावे, आणि मगच जुनी प्रणाली पुसावी.

ड्रायव्हर बसला, नेटवर्कची यादी दिसू लागली, तरी जोडणी तीन पायऱ्यांत होते हे ध्यानात ठेवावे. पहिली पायरी लहरींची, म्हणजे राऊटरचा आवाज कार्डाला ऐकू येणे. दुसरी ओळख पटवण्याची, म्हणजे पासवर्ड. तिसरी पत्त्याची, म्हणजे राऊटरने संगणकाला आकडी पत्ता देणे. यादीत नेटवर्कचे नावच नसेल तर पहिली पायरी अडली. जुने कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचे असेल तर त्याला राऊटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क कधीच दिसणार नाही. परदेशी बाजारासाठी बनलेल्या काही कार्डांना बारावी आणि तेरावी वाहिनीही दिसत नाही. पासवर्ड बरोबर असून जोडणी नाकारली जात असेल तर दुसरी पायरी पाहायची : राऊटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल आणि कार्ड त्याआधीचे असेल तर दोघांचे जमत नाही, राऊटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालणारा पर्याय निवडावा लागतो. जोडले गेले पण पाने उघडत नाहीत, तर पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने पत्ता दिलेला नाही आणि संगणकाने स्वतःच एक पत्ता धरून ठेवला आहे. पत्ता १९२.१६८ सारखा व्यवस्थित असेल तर कार्ड आपले काम चोख करते आहे. मग मात्र खरोखरच राऊटरकडे आणि कंपनीच्या लाइनकडे वळावे. तक्रार नोंदवताना एवढी माहिती दिली तर समोरच्यालाही काम सोपे होते.

आपल्या भागातल्या घरांचा आणि हवामानाचा विचार केल्याशिवाय वायफायचा विचार पुरा होत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते, ५ गिगाहर्ट्झची तिच्या निम्म्याहून कमी. लांब लहर भिंतीतून जास्त निभावते, आखूड लहर जास्त वेग देते पण भिंतीशी लवकर हरते. विटांची एक भिंत दोन्ही सोसतात. टिनाचे पत्रे, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी आणि सळयांचा स्लॅब यांच्याशी कोणाचेही फारसे चालत नाही. धातू लहरी परतवतो, पाणी शोषते. दोन घरांमध्ये दाट झाड असेल तर पावसाळ्यात ओल्या पानांमुळे सिग्नल आणखी पडतो, यात कंपनीचा दोष नसतो. राऊटर टेबलाखाली किंवा दूरदर्शन संचामागे न ठेवता उंचावर, मोकळ्यावर ठेवावा. मोबाइलमधल्या मोफत अ‍ॅपवर सिग्नल मोजता येतो : उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत काम व्यवस्थित, उणे ८० च्या खाली भरवसा नाही. बाजाराच्या गल्लीत प्रत्येक दुकानात राऊटर असेल तर २.४ गिगाहर्ट्झवर पहिली, सहावी किंवा अकरावी यांपैकी सर्वांत मोकळी वाहिनी निवडावी, कारण या तिघी एकमेकींवर चढत नाहीत.

सेवा केंद्रांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. तिथल्या संगणकाला प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र आणि पेनड्राइव्ह असे सगळे एकदम लागलेले असते. यूएसबी ३.० ची उपकरणे चालताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केले. डोंगल अशा दाराला खेटून असेल तर पेनड्राइव्हवर फाइल उतरवताना वायफाय नेमके ढेपाळते. उपाय म्हणजे हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन तार. डोंगल संगणकाच्या मागच्या कोपऱ्यातून निघून टेबलावर येतो, गोंगाटापासून दूर जातो आणि त्याला थोडी हवाही लागते. विदर्भातल्या मे महिन्यात हे शेवटचे कारणही लहान नाही. तापलेला डोंगल जोडणी सोडून देतो, आणि दोष पुन्हा लाइनवर येतो.

कार्ड बसवले म्हणजे संपले, असे नसते. त्याची देखभाल लागते आणि ती फार नसते. वीज वाचवण्यासाठी संगणक कार्ड झोपवतो, आणि काही कार्डे नीट जागी होत नाहीत. दर थोड्या वेळाने जोडणी तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, कार्ड बंद करण्याची मुभा देणारी खूण काढून पाहावी. घरचे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर त्या नेटवर्कला मीटर्ड अशी खूण करावी, म्हणजे विंडोज पुष्कळशी मोठी अपडेट आपोआप उतरवून दिवसाचा डेटा संपवणार नाही. राऊटरचा पासवर्ड बदलला की जुने नेटवर्क विसरायला सांगून नव्याने जोडावे. घरच्या नेटवर्कला खाजगी आणि बाहेरच्याला सार्वजनिक ठेवावे. ड्रायव्हर उत्तम चालत असेल तर त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर जपून ठेवावी आणि पेनड्राइव्हवर कार्डाचे नाव लिहून ठेवावे.

सुरक्षेबाबत आमची भूमिका ठाम आहे. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ पासूनच फुटलेली आहे. ती कुठे दिसली तर त्याच दिवशी बदलावी. २००४ मध्ये आलेली डब्ल्यूपीए२ ही आजची किमान पातळी, २०१८ ची डब्ल्यूपीए३ मिळाली तर अधिक चांगले. राऊटरसोबत आलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवू नये आणि दुकानाच्या भिंतीवर लिहू नये. सेवा केंद्राने कामाच्या संगणकांचे नेटवर्क वेगळे ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी गेस्ट नेटवर्क द्यावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केल्यापासून चहाच्या टपरीवरही रीतसर सार्वजनिक वायफाय देणे शक्य झाले आहे. ते जरूर वापरावे, पण अनोळखी उघड्या नेटवर्कवर बँकेचे काम करू नये.

एक गोष्ट या विषयावर लिहिणारे सहसा सांगत नाहीत, ती इथेच सांगतो. राऊटर आणि संगणक एकाच खोलीत असतील आणि संगणक जागचा हलणार नसेल, तर वायफाय वापरूच नये. लॅनची तार लावावी. ती स्वस्त आहे, तिला वाहिनी निवडावी लागत नाही, आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती दगा देण्याची शक्यता सर्वांत कमी. वायफायचे खरे काम जिथे तार नेता येत नाही तिथे आहे, आणि तिथेच त्यावर कष्ट घ्यावेत.

पुस्तिकेची रचना बिघाडाच्या क्रमाने केली आहे : कार्ड दिसते का, ड्रायव्हर आहे का, नेटवर्क दिसते का, जोडणी होते का, पत्ता मिळतो का, आणि जोडणी टिकते का. वाचताना पहिल्यापासून शेवटपर्यंत जाण्याची गरज नाही, पण तपासताना क्रम मोडू नये. मधल्या पायरीवर उडी मारून विंडोज नव्याने टाकणारे आणि त्यात घरचे फोटो गमावणारे लोक कमी नाहीत. संगणक दुरुस्तीला नागपूरला पाठवला की येण्या-जाण्यात दिवस जातात, भाडे जाते, आणि त्या दिवसांत एखाद्या मुलीच्या शिष्यवृत्तीची मुदतही जाते. ही किंमत ड्रायव्हरच्या एका फाइलपायी मोजावी लागू नये, एवढ्यासाठी हे लेखन केले.

हे ज्ञान अवघड नाही. दहावीतला मुलगा किंवा मुलगी ते एका आठवड्यात शिकू शकते आणि गावातले बहुतेक संगणक पुन्हा जोडून देऊ शकते. शाळांच्या शिक्षकांना, सेवा केंद्रांच्या चालकांना आणि ग्रंथालयांना विनंती आहे की पुस्तिका कपाटात न ठेवता संगणकाशेजारी ठेवावी, तिची पाने हवी तेवढी झेरॉक्स करून वाटावीत, आणि आपल्या गावातल्या निदान दोघांना ही तपासणी स्वतःच्या हाताने करायला शिकवावी.